कांद्याच्या खोल्या

"बाबा, आधी तो गॅस बंद करा!"

"थांब गं, मणी होतोय," सासरे म्हणाले. काचेच्या बारीक कांडीचं टोक निळ्या ज्योतीत वितळून थेंबासारखं गोळा होत होतं. ओट्यावर काचेच्या कपच्या, शेजारी झाकण नसलेलं दुधाचं पातेलं आणि स्टुलावर चढून हा सगळा तमाशा बघणारी माझी पाच वर्षांची लेक. मी कपाळाला हात लावला.

सोमवारपासून मी पुन्हा कामावर रुजू होणार होते. "चिमणीची कसली काळजी? बाबा आहेत ना घरी!" नवरा म्हणाला होता. हो, आहेत ना. हे असे आहेत!

बाबांचं उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर माणसाने स्वस्थ बसावं की नाही? पण कुठेतरी वाचलं, जुन्या काळी एका कापडाच्या व्यापाऱ्याने एवढ्याशा भिंगातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले. झालं! माझ्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली.

"त्या कपच्या तरी उचला."

त्यांनी ओट्यावरून उघडा तळहात फिरवला.

"हाताने काय बाबा! फडकं घ्या ना!"

"अगं, काचेत जन्म गेला माझा. काच मला ओळखते."

मी ओलं फडकं घेऊन ओटा पुसला. दोन कपच्या तरीही निघाल्याच.

पत्र्याच्या भोकात भिंग म्हणून तो मणी बसवून आजोबा-नात खिडकीशी बसले. बाबांनी कांद्याचा पातळ पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवला, पट्टी पत्र्याला टेकवली आणि पत्रा डोळ्याला लावला.

"बघ चिमणे, पूर्वी एकाने बुचाचा काप असाच पाहिला. त्याला दिसल्या इवल्याइवल्या खोल्या. सगळ्या रिकाम्या, कारण बूच सुकलेलं. आपला कांदा ताजा. अहाहा! विटा रचाव्यात तशा खोल्याच खोल्या. आणि प्रत्येकीत एक ठिपका, घरमालक बसल्यासारखा!"

"मला, मला!" चिमणीने पत्रा ओढून घेतला. "आजोबा, काहीच नाहीये. नुसता उजेड."

"नीट बघ."

"नीटच बघतेय!"

"आईवर गेलीस. दम म्हणून नाही."

"द्या इकडे," मी वैतागून म्हटलं. डोळा लावला. नुसता उजेड. पट्टी काढून उलटसुलट पाहिली. कोरी.

पापुद्रा बाबांच्या अंगठ्याला चिकटला होता. उन्हात चांगला चमकत होता.

वर्तमानपत्राची छपाई हल्ली फार फिकी येते, असं ते महिनाभर कुरकुरत होते. मी हसले होते. आणि ओट्यावरून फिरणारा तो तळहात! मला एकदम इतका राग आला, पण कोणावर काढायचा तेच कळेना.

मी त्यांचा हात धरला, अंगठ्यावरचा पापुद्रा सोडवला आणि पट्टीवर ठेवला. हात माझ्या हातात गप्प झाला.

"दिसल्या! आजोबा, खोल्या!" चिमणी किंचाळली. "विटांसारख्या! खरंच!"

"बघ. म्हटलं नव्हतं?" बाबा हळूच म्हणाले.

"बाबा, सोमवारी आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय."

"सोमवारी तू कामावर जाणार."

"ते पुढे ढकलते."

"माझ्यापायी?"

"तुमच्यापायी नाही. चिमणीपायी." बोलून गेले आणि जीभ चावली.

बाबा उठले, ओट्याशी गेले, गॅसचं बटण चाचपलं, बंद आहे ना याची पुन्हा खात्री केली. मग उरलेल्या काचेच्या कांड्या कागदात गुंडाळून त्यांनी माझ्यापुढे धरल्या.

"उंचावर ठेव," ते म्हणाले. "माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी."

मी चिमणीचं स्टूल ओढलं आणि त्यावर चढले.