वळून दाखव

दादाच्या गुडघ्याची गोष्ट दर वर्षी थोडी फुगते. आधी तिच्यात एक आडदांड बचावपटू आला, मग तो मागून आला, आता तर पंचही विकला गेलेला असतो. मी दादाची धाकटी बहीण. तो सामना मी तारेच्या कुंपणाला नाक लावून पाहिला होता. दादाच्या आसपास काळं कुत्रंही नव्हतं.

त्याआधीच्या एका सामन्यात त्याचा गुडघा कट्कन वाजला आणि भोपळ्यासारखा सुजला. क्लबच्या मालीशवाल्याने गरम तेलाने तो रगड रगड रगडला, वर पट्टी आवळली. यथावकाश सूज उतरली. मग क्लबचे सेक्रेटरी घरी आले, दादाला खिडकीपासून दारापर्यंत चालायला लावलं आणि म्हणाले, "घोडा तयार आहे!"

मी टेबलाशी गणितं सोडवत होते. म्हटलं, "त्याला वळायला सांगा."

कारण स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं उतरवून मागे फिरताना तो अरुंद गल्लीतल्या ट्रकसारखा तुकड्यातुकड्यांनी फिरायचा. मी रोज बघत होते.

बाबा म्हणाले, "तुला काय कळतं फुटबॉलमधलं? गणितं कर."

पुढच्याच सामन्यात चेंडू मागे गेला, तसा दादा एकटाच गर्रकन वळला. पाऊल जमिनीत तसंच रुतून राहिलं, अंग फिरलं. तो गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही. त्याच मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडत दादाचा जन्म गेला.

आता त्याची नात खेळते. शिकायला आमच्याकडेच राहते. भिंगरी म्हणतो आम्ही तिला. मागच्या हंगामात तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. काळ सुधारलाय, डॉक्टरांनी तिच्याच मांडीमागून दोरीसारखा स्नायुबंध काढून गुडघ्यात बसवला आणि बजावलं, "निदान नऊ महिने मैदान नाही. दुखायचं थांबेल, तेव्हाच जास्त जपा."

तिच्या गुडघ्याखाली मी टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबून धरायची, मी आकडे म्हणायची.

"आत्याआजी, तू मधले आकडे खातेस!"

"माझी गणितं अर्धवटच राहिली गं."

सहावा महिना लागला आणि कोच घरी आले. रविवारी अंतिम सामना होता. "आजोबा, शेवटी शेवटी थोडा वेळच उतरवतो तिला."

"चालून दाखव गं," दादा म्हणाला.

भिंगरी खिडकीपासून दारापर्यंत ऐटीत चालली. कोच खूश झाले.

"आता धावत ये आणि वळून दाखव," मी म्हटलं.

"इथे? फरशीवर पाय घसरेल, आत्याआजी."

"आणि फिजिओबाईंकडे? त्यांनी लावलंय का वळायला अजून?"

ती नखं बघू लागली.

"तू नको घाबरवूस तिला," दादा म्हणाला. "भिंगरे, मागून येणाऱ्यावर नजर ठेवायची, बस्स. माझ्या वेळी तो रेडा मागून आला नसता ना..."

"रेडा नव्हता, दादा. कोणीच नव्हतं. तुझा गुडघा बरा झाला नव्हता."

दादाने न वाकणारा पाय आणखी लांब केला. "तू कुंपणाबाहेर होतीस."

"म्हणून तर दिसलं."

त्याने नातीकडे बघितलं. वाटलं, आता खरं बोलेल. निदान आज तरी.

"तुला काय कळतं फुटबॉलमधलं?" दादा म्हणाला. हुबेहूब बाबांचा आवाज.

मी भाच्याला, म्हणजे भिंगरीच्या बापाला, फोन लावला. "बाबांना अनुभव आहे ना, आत्या," तो म्हणाला. आता अनुभवापुढे कोण काय बोलणार!

रविवारी दादाने इस्त्रीचा सदरा घातला. भिंगरीचे बूट त्याने स्वतः पुसले होते.

"येतेस ना आत्याआजी?"

"नको. बघून झालाय माझा तो सामना."

ती हसली, दाराबाहेर पडली, आणि पाण्याची बाटली विसरली म्हणून मागे फिरली. छोटी छोटी पावलं टाकत, तुकड्यातुकड्यांनी. दादा तिच्यासमोरच उभा होता. बुटांची चकाकी बघत होता.

ती दोघं गेल्यावर मी दार लावलं आणि बर्फाचे सगळे ट्रे भरून फ्रीजमध्ये ठेवले.