जे आधीच ठाऊक आहे

तक्रार-कार्यालयात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. लोकांच्या चार-चार पानी तक्रारींचं एका ओळीत सार काढून साहेबांपुढे ठेवायचं, हे त्याचं काम. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जे आधीच ठाऊक आहे ती माहिती नव्हे. ते छाटायचं." हे त्याच्या अंगात इतकं मुरलं, की बायकोने भाजी कशी झालीय विचारलं तरी गडी म्हणे, "कालच्यासारखी."

घरीही तेच. आईची दृष्टी गेलेली. थोरला भाऊ तिच्याशी कडाक्याचं भांडून जहाजावर नोकरीला लागलेला, त्याची पत्रं हाच तिला वाचून दाखवी. आठ पानं आली तरी सांगे, "दादा ठीक आहे. तब्येत बरी." मग आईही उत्तरात तेवढंच लिहायला सांगे, आम्ही ठीक आहोत. पत्र जाई रद्दीत. आपण घरात पसारा होऊ देत नाही, याचं त्याला कोण कौतुक!

दादा जहाजावरच वारला. तसा निरोप आला आणि आठ दिवसांनी, मागे कुठल्याशा बंदरातून टाकलेलं त्याचं शेवटचं पत्र आलं. आई म्हणाली, "आज काही गाळू नकोस रे. अक्षर न् अक्षर वाच."

तो वाचू लागला. खवळलेला समुद्र, स्वयंपाक्याची केलेली चेष्टा, दुखरी दाढ. आई मध्येच हसलीसुद्धा. शेवटाशी येऊन तो थांबला.

"वाच ना."

"‘आई, दर पत्रात विचारतो, तेच आजही विचारतो. माझ्यावरचा राग गेला का? हो की नाही, एक शब्द पुरे.’"

हे वाक्य त्याला पाठ होतं. प्रत्येक वेळी त्याने ते छाटलं होतं. दादाने घर सोडलं त्याच आठवड्यात आईचा राग निवळला होता. घरात कोणाला ठाऊक नव्हतं? ठाऊक नव्हतं ते एकट्या दादाला. एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात कधी शिरली नाही. त्याला स्वतःची शिसारी आली.

"दर पत्रात विचारायचा?" आईने विचारलं.

"हो."

मग चाचपत तिने त्याचा हात धरला. "कागद घे. लिही, हो, गेला."

"आई, आता कुठे..."

"लिही म्हणते ना."

त्याने लिहिलं.

"आता वाचून दाखव," ती म्हणाली. पण ते दोन शब्दही त्याच्याने वाचवेनात.