रेच्याच्या वरच्या पट्टीत

जिनिंगमधले सगळे रेचे बंद झाले, राजदीपने माइक पुढे धरला, आणि धुरपताबाईच्या तोंडून सूरच निघेना. तिने खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. शेवटी वैतागून म्हणाली, "चालू कर बाप्पा ते. रेच्याबिगर मी कायच्यावर गाऊ?"

मारेगावच्या त्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांचा घरघराट असा, की शेजारणीला हाक मारूनही ऐकू जात नसे. मग बायांनीच युक्ती काढली होती. शब्द लांबवायचा आणि आवाज रेच्याच्या वर चढवायचा; तो तरंगत पलीकडच्या बाईपर्यंत बरोबर पोचायचा. सवयीच्या कानालाच ते कळे. वामनराव मुकादम दारातल्या खुर्चीवर बसून मान डोलवायचे. त्यांना वाटे, बाया भक्तिगीतं म्हणताहेत. बाया त्यांनाच शिव्या घालत असत.

राजदीप हा धुरपताबाईच्या बहिणीचा मुलगा. नागपूरला शिकता शिकता त्याने गिटार धरली होती. ड्रम वाजवणारी उर्वशी त्याच्या सोबतीची. ज्याला मुखडा नाही, अंतरा नाही, ठेका यंत्राचा, असं रॉक गाणं दोघांना करायचं होतं. रेचे पुन्हा सुरू झाले. धुरपताबाईने डोक्यावरची टोपली उतरवली आणि मुकादमांकडे बघतच आवाज चढवला. त्यावर नंतर उर्वशीने पत्र्याचे डबे बडवले, गिटार मधेच किंचाळली. तयार गाणं ऐकून धुरपताबाईने विचारलं, वावरात डुकरं शिरली की काय. पण पुन्हा लावायला सांगितलं.

पुढच्या हंगामात जिनिंग बंद पडलं. रेचे भंगारात गेले, बाया निंदणाला लागल्या. गाणं मात्र सीडीवरून मुंबई-पुण्याला पोचलं, आणि तिकडे कोणीतरी ठरवून टाकलं की हा कापूसपट्ट्याचा विलाप आहे. टीव्हीवर आत्महत्यांच्या बातमीमागे ते वाजू लागलं. राजदीपने एकदोघांना खरं सांगून पाहिलं. मग तो गप्प बसला, कारण लोक ऐकत होते ते त्या विलापासाठीच. मावशीलाही त्याने बजावलं, की अर्थ सांगत बसू नको, गाणं मरेल.

यवतमाळला धुरपताबाईचा सत्कार ठरला. निरोप आला, आजींनी पांढरं लुगडं नेसावं. ती हिरवं नेसून गेली आणि जिनिंगच्या बाया संगं घेऊन गेली. गाणं लागलं तसं सगळं सभागृह माना खाली घालून उभं राहिलं. पाहुण्यांत वामनरावही होते, रुमालाने डोळे टिपत. त्यांना तसं पाहून पुढच्या रांगेतल्या रुक्माबाईला हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला, पण तोवर लागण झाली होती. रांगच्या रांग खिदळायला लागली. निवेदिकेने गाणं थांबवायला लावलं आणि सावरून घेत विचारलं, "आजी, कोणत्या दुःखातून हा टाहो फुटला?"

खाली गाणं लावायला बसलेल्या राजदीपने मान हलवली. नको.

धुरपताबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग माइक जवळ ओढला.

"माहा मालक काविळीनं गेला. त्याच्यासाठी रडली, तवा कोनी माइक नाही आनला. हे रडनं नोय बाई. मुकादमाले शिव्या देऊन राह्यली होती मी. सावलीत बसून वजन वाढलं तुह्यं, आता तुलेच टाकतो रेच्यात, असं हाय ते."

उभ्या माणसांना बसावं की उभंच राहावं कळेना. वामनरावांचा रुमाल डोळ्यांपाशी तसाच राहिला.

"लाव रे पोरा, पह्यल्यापासून," ती राजदीपला म्हणाली. "या येळी मी सांगत जातो. अन् मेलं गानं तर मरू दे."

राजदीपने बटण दाबलं. भंगारात गेलेले रेचे भोंग्यांतून पुन्हा फिरू लागले. धुरपताबाईने अंगावरची सत्काराची शाल काढून खुर्चीवर टाकली, पदर खोचला, आणि मुकादम उभे होते त्या बाजूला तोंड केलं.