बाईंना ऐकू न येणारा सूर

मित्रांनो, शाळेच्या संगीताच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा असलेला मी एक जुना पियानो आहे. एका बापलेकीने मला घडवलं. लाकूड बापाने तासलं, तारा लेकीने ताणल्या. शाळेत आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! मग नव्याची नवलाई ओसरली. कुणी माझ्या डोक्यावर डबे ठेवले, कुणी पट्टीवर स्वतःचं नाव कोरलं.

पुढे संगीताच्या बाई आल्या. त्यांनी आधी डबे उचलले, मग माझी धूळ पुसली. सव्वीस वर्षं त्यांनी मला जपलं. बेसूर मुलांनाही त्या कधी गाण्यातून काढत नसत. "गळा नसला तर कान तयार कर," म्हणायच्या.

हळूहळू त्या एका हाताने वाजवताना दुसरा तळहात माझ्या लाकडावर टेकवू लागल्या. मुलांना वाटे, बाईंची माया. मला खरं कळलं होतं. वरचे सूर त्यांना ऐकू येईनासे झाले होते. त्या माझी थरथर हाताने चाचपत होत्या.

एकदा मुख्याध्यापक तासाला येऊन बसले. संगीताचा वर्ग बंद करून तिथे संगणक ठेवायचं घाटत होतं. नेमकी त्याच दिवशी माझी वरची एक तार उतरली. बाई आपल्या वाजवतच राहिल्या. मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी नववीतली एक अबोल मुलगी उभी राहिली.

"बाई, वरचा सूर उतरलाय."

बाईंचा हात थांबला. "मला तो ऐकू येत नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. आधीच सांगायला हवं होतं मी."

मुख्याध्यापक खाकरले. "मग शिकवणार कसं, बाई?"

बाईंच्या आधी ती मुलगीच बोलली, "सर, चुकलं की आम्ही सांगू. आमचे कान त्यांनीच तयार केलेत."

मुख्याध्यापक उठून गेले. संगणक मात्र वरच्या मजल्यावर लागले, संगीताचा वर्ग चालू राहिला. बाई निवृत्त होईपर्यंत, पुढची तीन वर्षं, रोज कुणीतरी माझ्याशेजारी उभं राहून बाईंसाठी ऐकत असे. आपला नंबर हुकला की मुलं भांडत.

मित्रांनो, माझी तार उतरली तर कारागीर ती पुन्हा चढवतो. माणसाचं तसं नसतं. तुमच्या घरातही कुणी कमी ऐकू येणं, कमी दिसणं लपवत असेल. त्यांना हसू नका, खोटा धीरही देऊ नका. चुकलं तर हळूच सांगा, आणि जवळ उभे राहा.