मोहन्याची बस आणि भावनाचा आवाज

मित्रांनो, मी कल्याणच्या एका छोट्या रेडिओ केंद्रातला जुना रेकॉर्डर आहे. माझ्या बटणांवरचे आकडे पुसले गेलेत, पण मी खुशीत आहे. भावनाची सारी कारकीर्द माझ्या कानांदेखत घडली!

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्या वाट्याला गाणी येतील. आली भावना. आगरी घरातली, नुकतीच पदवीधर झालेली. तरुणांसाठीच्या चालू घडामोडींच्या कार्यक्रमात ती शिकाऊ पत्रकार होती. पहिल्या दिवशी तिने मला इतकं घट्ट आवळलं की मी नुसती खरखरच टिपली. केंद्रप्रमुख प्रमोदिनीताई हसल्या, "अगं, आवळू नकोस. चिमणी धरल्यासारखं धर."

त्याच वर्षी कॉलेजच्या मुलींना मोहने गावी घरी नेणारी संध्याकाळची बस बंद झाली. भावनाने विचारलं, तर बससेवेचे अधिकारी म्हणाले, "मुलींची काही तक्रारच नाही, मॅडम."

भावना मला घेऊन तडक मोहन्याला गेली. मुली बोलेनात. सगळ्यांना घरच्यांची भीती. भावनाने मला चालू केलं आणि ती वाट पाहत थांबली. बऱ्याच वेळाने संचिता नावाची मुलगी अडखळत म्हणाली, "रोज रिक्षा परवडत नाही. घरी म्हणतात, कॉलेज सोड. मी का सोडू?" मग सगळ्याच बोलू लागल्या.

थेट प्रसारणात अधिकारी आले आणि पुन्हा तेच म्हणाले. भावनाने मला माइकजवळ धरलं. "साहेब, आता हे ऐका."

संचिताचा आवाज घुमला. साहेबांनी चष्मा काढला. "सोमवारपासून बस सुरू करतो."

"नक्की ना? श्रोते ऐकतायत."

"नक्की."

सोमवारी बस आली! खिडकीतून संचिता ओरडली, "भावनाताई, चढ ना!" भावना चढली आणि मुलींनी जो कल्ला केला, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर आवाज.

पुढे भावना वृत्तविभागाची प्रमुख झाली. मोबाइल आले, मी खणात धूळ खात पडलो. पण ती मला विसरली नाही. साफ करून घेतलं. आता नवी मुलं माझ्यावरच शिकतात.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरून कधीतरी फडकं फिरवा, त्यांची बॅटरी आत सडू देऊ नका. आणि समोरचं माणूस अडखळलं, तर त्याचं वाक्य तोडू नका. त्या दिवशी भावना थांबली, म्हणून बस आली.