पंजाबरावचा पाय

मोताळ्याच्या उत्तमराव देशमुखांकडे पंजाबराव अकरा वर्षं मोटार चालवत होता. गाडी जुनीच होती, खामगावच्या एका कापूस दलालाकडून घेतलेली. वर कापडी टप, बाजूला पितळी भोंगा. उत्तमराव डिस्ट्रिक्ट कौन्सिलात होते, शिवाय जमिनीचा एक दावा नागपूरपर्यंत जाऊन परत बुलढाण्याच्या कोर्टात आलेला. त्यामुळे दर गुरुवारी गाडी राजूरचा घाट चढून वर जायची आणि संध्याकाळी उतरायची.

आदल्या वर्षी, पोळ्याच्या चार दिवस आधी, घाट उतरताना खालून तिसऱ्या वळणावर समोरून बैलगाडी आली. पंजाबरावनं मोटार डोंगराच्या बाजूला घातली. पुढचं चाक नालीत गेलं, गाडी कलंडली. बैलांना काही झालं नाही, गाडीवानालाही नाही. पण मोटारीत उत्तमरावांचे धाकटे भाऊ नीळकंठराव होते. त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आणि बसला तो वाकडाच. त्या दिवसापासून नीळकंठराव मोटारीत बसले नाहीत. बुलढाण्याला जायचं असलं की ते सर्व्हिसच्या बसनं जायचे.

उत्तमराव पंजाबरावला एका शब्दानंही बोलले नाहीत.

यंदा दसऱ्यानंतर गाडीला नवंच काही सुरू झालं. मोताळ्यापासून राजूरपर्यंत ती मजेत पळायची. घाट लागला, मागे तीन-चार माणसं असली, की अर्ध्या चढावर इंजिन श्वास रोखल्यासारखं करायचं. एक हिसका, दुसरा हिसका, आणि पायाखालची ताकदच नाहीशी व्हायची. गाडी थांबायची. पंधरा मिनिटं उभी ठेवली की काहीच न घडल्यासारखी परत चालू व्हायची.

मलकापूरच्या शेषराव मिस्त्रीनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. प्लग साफ केले, ठिणगी देणारा मॅग्नेटो पाहिला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. मग एकटाच बसून स्टेशनपर्यंत भरधाव जाऊन आला.

"गाडीत काई नाई," हात पुसत तो म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, "पंजाबराव, राग नको मानू. त्या वळनाजवळ तुहा पाय पेट्रोलवरून उठून राह्यला असंन. तुले समजतबी नसंन. होते असं. माह्या ओळखीच्या दोघायचं झालं."

शेषराव भला माणूस होता. त्यानं हे मायेनं सांगितलं, म्हणूनच ते पंजाबरावच्या मनात रुतून बसलं. परत येताना त्यानं मोताळा ओलांडून गाडी मुद्दाम घाटात घातली. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. गाडी एका दमात वर गेली, कुठे अडखळली नाही.

म्हणजे एकटा असलो की जाते, आणि माणसं बसली की थांबते. त्यानं मनाशी कबूल केलं, शेषराव म्हणतो तेच खरं. तिसरं वळण जवळ आलं की त्याचे तळवे घामानं भिजायचे, हे त्याला माहीत होतंच. पाय उचलला जातो की नाही, एवढंच माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी कोर्टात जाताना गाडी पुन्हा बंद पडली. उत्तमरावांना टांगेवाल्याला हात करावा लागला. संध्याकाळी त्यांनी पंजाबरावला ओसरीवर बोलावलं.

"दिवाळीनंतर खामगावाहून एक ड्रायव्हर येऊन राह्यला," ते म्हणाले. "तू मळ्यातल्या विहिरीवरचं इंजन सांभाळ. तुले काई कमी पडू देनार नाई मी."

"हाव, मालक," एवढंच पंजाबराव म्हणाला.

घरी त्यानं भाकर पुढ्यात घेतली आणि तशीच ठेवली. त्याची बायको शालूबाई चुलीपाशी बसली होती.

"काय म्हटलं मालकानं?"

त्यानं सांगितलं. शेषराव काय म्हणाला तेही सांगितलं, जे त्यानं आतापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुमाले काय वाटते?" शालूबाईनं विचारलं.

"खरं असंन. रिकामी गाडी जाते ना वर."

शालूबाई तवा उतरवता उतरवता थांबली. "आपला तांबडा बैल आठवते? रिकाम्या गाडीले धावे तो. सरकी भरली की लंगडे. तुमी म्हनत होते आळशी झाला. मंग खुरात खडा निंगाला."

"मोटर बैल नोहे, शालू."

"नसू द्या. पन माणसं बसली म्हंजे नुसती माणसं बसत नाईत, वजनबी बसते. माणसं नका नेऊ. पोते टाका."

पंजाबराव तिच्याकडे पाहत राहिला. अकरा वर्षं गाडी त्याच्या हातात होती आणि एवढी साधी गोष्ट भीतीनं त्याला सुचू दिली नव्हती.

"पोते टाकले अन् पाय उठला, तरी गाडी थांबनच," तो म्हणाला. "मले कसं समजंन? पायाकडे पाहू का रस्त्याकडे?"

"मी पाह्यतो पायाकडे," शालूबाई म्हणाली. ती आजवर मोटारीत बसलेली नव्हती.

सकाळी त्यानं मालकांची परवानगी मागितली. उत्तमरावांनी कारण विचारलं नाही. "जाय," म्हणाले, "सांजीपर्यंत परत आन." बैठकीच्या दारात नीळकंठराव उभे होते. त्यांनी गाडीत सरकीची चार पोती चढताना पाहिली, पुढच्या सीटवर शालूबाई बसताना पाहिली, आणि ते आत निघून गेले.

राजूर सुटल्यावर पंजाबरावनं गाडी बाजूला घेतली. वहाणा काढल्या आणि अनवाणी पाय पेट्रोलच्या पेडलवर ठेवला.

"आता आयक. ही गुंडी दिसते? चोक म्हनते हिले. हवा कमी करते अन् पेट्रोल जास्त ओढते. मी 'ओढ' म्हटलं की अर्धी ओढजो. जास्त नाई. अन् रस्त्याकडे पाहू नको. काई झालं तरी पायाकडेच पाह्य."

शालूबाईनं पदर खोचला. गाडी हलल्यावर ती खाली वाकली आणि तिनं आपला डावा तळहात सरळ त्याच्या पावलावर ठेवला. "असं बरं," ती म्हणाली. "डोये फसतीन, हात नाई फसत."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मागे पोती करकरत होती. इंजिनाचा आवाज जड झाला. पंजाबरावनं पाय खाली दाबला, पार तळाला. तिसरं वळण दिसलं, ती नाली दिसली, आणि त्याच्या तळव्यांना घाम फुटला.

आणि गाडीनं श्वास रोखला. हिसका बसला. शालूबाईचं डोकं पुढच्या फळीवर आदळता आदळता राहिलं, पण हात सुटला नाही.

"शालू!"

"खालीच हाये!" ती ओरडली. "पाय खालीच हाये! तसूभर हलला नाई!"

"ओढ!"

तिनं गुंडी ओढली. इंजिन खोकलं, फुरफुरलं आणि पुन्हा जोर धरलं. गाडी धक्के खात, पण चालत, तिसऱ्या वळणाच्या पुढे वीस-पंचवीस हात गेली आणि मग थांबली. पंजाबरावनं ब्रेक लावला, उतरून चाकांमागे दगड घातले. मग तो रस्त्याच्या कडेला बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शालूबाई त्याच्या शेजारी येऊन बसली. तोंडावरचे हात काढून तो बोलला.

"मीच होतो असं वाटे मले. इतके दिवस. रोज."

"माहीत हाये."

"तुले कसं माहीत?"

"झोपेत पाय दाबत होते तुमी," शालूबाई म्हणाली.

मग त्याचं डोकं ताळ्यावर आलं. चोक ओढल्यावर गाडी चालली, म्हणजे ठिणगी बरोबर होती. पेट्रोलच कमी पडत होतं. टाकीचं झाकण काढून त्यानं त्यातलं हवेचं बारीक छिद्र पाहिलं, मोकळं होतं. नळी शेषरावनं फुंकलेलीच होती. राहिला कार्बोरेटर, इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा. इंजिन पुरतं निवेपर्यंत तो थांबला, मग त्याची खालची वाटी सोडवली आणि हातावर धरून उन्हात आणली.

वाटीतल्या पेट्रोलात तुरीच्या डाळीएवढा एक मळकट पांढरा गोळा तरंगत होता. पंजाबराव त्याच्याकडे पाहत राहिला.

"हे पाह्य. इंजनावर जोर नसला की हे एका बाजूले पडून राह्यते. भरल्या गाडीत चढावर इंजन जोरात पेट्रोल ओढते, तवा हेबी ओढल्या जाते अन् पेट्रोलच्या छिद्रावर जाऊन बसते. गाडी बंद पडली की सुटते." त्यानं काडीनं गोळा उचलला, बोटावर घेतला, चोळला. तो लांबट तंतूंत सुटला.

रुई होती.

शालूबाईनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे मीच शिवलं होतं ना?"

तिनंच शिवलं होतं. अपघातानंतर पंजाबरावला कशाचाच भरवसा वाटेना. डब्यातून टाकीत पेट्रोल ओतताना पूर्वी तो नरसाळ्याची जाळी पुरे समजायचा. नंतर त्याला वाटू लागलं, मातीचा कणही आत जायला नको. त्यानं शालूबाईकडून जुन्या धोतराची दुहेरी गाळणी शिवून घेतली होती, मध्ये रुईचा पातळ थर घालून. दसऱ्यापर्यंत ते कापड विरलं होतं.

"मीच सांगतलं म्हनून शिवलं तू," तो म्हणाला. "तुहं काय त्यात?"

त्यानं वाटी स्वच्छ केली, छिद्रातून फुंकर मारली, सगळं परत बसवलं. चार पोत्यांसकट गाडी उरलेला घाट चढून गेली. वर बुलढाण्याच्या वाऱ्यात शालूबाई पहिल्यांदाच समोर पाहत बसली होती. तिनं कचेरी पाहिली, बाजारातून बांगड्या घेतल्या आणि भूक लागल्याचं सांगितलं. दोघांनी गाडीच्या पायरीवर बसून भजी खाल्ली.

संध्याकाळी ओसरीवर पंजाबरावनं मालकांना सगळं सांगितलं. सरकीची पोती, चोक, वाटीतला गोळा. गाळणी त्यानं खिशातून काढून समोर ठेवली.

"चूक माहीच हाये, मालक. भीतीपाई केलं ते."

उत्तमरावांनी गाळणी उलटसुलट करून पाहिली. "म्हंजे तू गाडीची जास्तच काळजी घेतली," ते म्हणाले. "खामगावले चिठ्ठी लिहून कळवतो, मानूस नको म्हनून."

नीळकंठराव खांबाला टेकून ऐकत होते. पुढच्या गुरुवारी गाडी दारात उभी राहिली, उत्तमराव आणि त्यांचे दोन साक्षीदार मागे बसले, तेव्हा नीळकंठराव बाहेर आले. पुढचं दार त्यांनी डाव्या हातानं उघडलं आणि पंजाबरावच्या शेजारी बसले.

राजूरपर्यंत सगळे कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. घाट लागला तसे गप्प झाले. पंजाबरावच्या तळव्यांना घाम आला. तो काही जाणार नव्हता, आणि आता त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. त्यानं पाय दाबला. पाच माणसांचं ओझं घेऊन गाडी तिसऱ्या वळणावरून एकसारख्या आवाजात वर गेली.

वळण मागे पडल्यावर नीळकंठरावांनी मान न वळवता भावाला हाक मारली.

"दादा."

"काय बे?"

"त्या दिवशी मलकापूरले आगगाडी धरायची होती मले. उतारावर मीच याले घाई करून राह्यलो होतो. हा नाई म्हने. मी आयकलं नाई. दोनदा खांद्याले धरून हलवलं याले."

इंजिन चालू होतं.

"काऊन नाई सांगतलं तू?" उत्तमरावांनी विचारलं. प्रश्न नीळकंठरावांना होता की पंजाबरावला, ते कळलं नाही.

उत्तर पंजाबरावनं दिलं. "छोट्या मालकाचा हात मोडला होता. त्यायच्या नावानं त्या वक्ती अजून काय सांगाव, मालक?"

नीळकंठरावांनी वाकडा हात मांडीवर नीट ठेवला. "मले रोज वाटे, हा आज सांगंन," ते म्हणाले. "तू सांगतलं असतं त बरं झालं असतं."

"आता झालं ना," पंजाबराव म्हणाला.

वरती सपाटी लागली. उत्तमरावांनी पुढे वाकून भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो कोर्ट येईपर्यंत काढला नाही.