तांब्यातला मोबाइल

“आई, कानाला नको लावू, तोंडासमोर धर. मी दिसतीय का?”

दीपमालाचा हा आवाज मी ऐकला तो गुलमंडीच्या दुकानातून घरी आलो त्या दिवशी. मित्रांनो, मी शेंद्र्याच्या साळूबाईंचा जुना मोबाइल आहे. जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. हातमोजे घातलेले हात तेवढे आठवतात.

आधी माझं लई कौतुक झालं. भजनं, बाजारभाव, शहरात शिकणाऱ्या लेकीचं हसू, सारं माझ्यातून वाहायचं. पुढं काच तडकली, अंगाला रबरबँड बसला. साळूबाईंचे मालक पुंजाराम आप्पा, त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते मला पितळी तांब्यात उभं करायचे. आवाज घुमायचा खरा, पण पितळेआड रेंज पोचत नसे. त्यात चित्राची स्पष्टता कायम सगळ्यात जास्तवर ठेवलेली. मग चित्र थांबायचं आणि आप्पा म्हणायचे, “कंपनीच फुसकी!” मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवतो, माझं मला सांगता येत नाही.

दीपमालानं आपल्या मनानं लग्न ठरवलं. आप्पा म्हणाले, “मी यायचा नाय.” कार्यालय शहरात, उस्मानपुऱ्यात, गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर म्हणा ना. तरी दोघं घरीच बसले आणि लग्न माझ्यात लाइव्ह लागलं. घर बधिर होतं. मलाही काही वाटेनासं झालं होतं. अंतरपाट धरला अन् चित्र गोठलं. नुसती चकरी फिरत राहिली.

“लागलं का गं लगीन?”

“तुमच्या तांब्यालाच इचारा की! गाडीनं गेला असता तर अक्षता टाकून आला असता.”

साळूबाईंनी मला तांब्यातून उपसलं, खिडकीत ठेवलं. ‘चित्राची स्पष्टता कमी करू का?’ असं मी विचारत होतोच. त्यांनी आज पहिल्यांदा ‘हो’ दाबलं. चेहरे पुसट झाले, पण मंगलाष्टकं अशी आली, जशी चरवीत दुधाची अखंड धार.

मित्रांनो, आम्हाला भांड्यात कोंडू नका. रेंज अपुरी असेल तेव्हा देखण्या चित्राचा हट्ट सोडा. माणसाचा आवाज तुटू देऊ नका.

गळ्यांत हार पडले. पुसटशी दीपमाला कॅमेऱ्याकडं वळली. “आप्पा, बघताय ना?”

लाइव्हमधून इकडचं उत्तर तिकडं जात नाही. साळूबाईंनी लेकीला फोन लावला आणि मला आप्पांच्या हातात दिलं. पलीकडून “हॅलो, हॅलो” येत राहिलं.

“दीपे,” आप्पा म्हणाले, “मला यायचं होतं गं.”